रग्बी लीगमधील खेळाडूंची शरीरे बदलली. मुलांची घडणही त्याबरोबर बदलली का?

प्रश्न: ब्लॅकटाउनकर

सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी कुटुंबांतील मुले आजवर बहुधा क्रिकेटकडेच वळत आली. परंतु शाळेतल्या मित्रांच्या संगतीने आता काही मुले रग्बी लीगच्या क्लबांतही नावे नोंदवू लागली आहेत. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि अंगकाठीने किरकोळ आहे. त्याच्याच वयोगटातील काही मुले वजनाने त्याच्या दीडपट असावीत, शिवाय दोघांना मिसरूडही फुटू लागले आहे. त्याला खेळू द्यावे की नाही, हा प्रश्न येथे विचारत नाही. तो घरचा निर्णय आहे आणि तो बहुतांशी झालेला आहे. मला समजून घ्यायचे आहे ते या खेळाचे एकूण वळण.

एनआरएलच्या, म्हणजे येथील व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेच्या, विजेत्याला दिल्या जाणाऱ्या करंडकावर दोन खेळाडूंचे शिल्प आहे. 1963 च्या अंतिम सामन्यानंतर सिडनी क्रिकेट ग्राउंडवर चिखलाने नखशिखान्त माखलेले नॉर्म प्रोव्हन आणि आर्थर समन्स परस्परांना मिठी मारत असताना टिपलेल्या छायाचित्रावरून ते घडवलेले आहे. प्रोव्हन सहा फुटांहून बराच उंच, तर समन्स जेमतेम त्याच्या खांद्याशी पोहोचणारा. जुने चित्रीकरण पाहताना असे वाटते की त्या काळी मैदानावर उंच, बुटके, रोड, पोट सुटलेले असे सर्व प्रकारचे पुरुष दिसत असत. आता मात्र चाली रचणारा हाफबॅक आणि पुढे राहून टक्कर घेणारा प्रॉप यांच्यातील फरकही दुरून पटकन लक्षात येत नाही. हा बदल केवळ व्यायामशाळेमुळे झाला की त्यामागे आणखी काही कारणे आहेत? आणि मुलांच्या स्तरावर बारा ते पंधरा या वयात जी निवड होते, ती शरीराच्या आकारावरच होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.


उत्तर: नेपियनकाठ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नियमांच्या पुस्तकात सापडते. मी पेनरिथ परिसरातील एका ज्युनिअर क्लबात स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून काम करतो आणि पालकांना प्रथम हेच सांगतो, की व्यायामशाळेने खेळाडूंची शरीरे घडवली हे खरे असले, तरी कोणत्या प्रकारचे शरीर घडवायचे हे नियमांनी ठरवले.

1966 पर्यंत ऑस्ट्रेलियात टॅकलची, म्हणजे चेंडूधारकाला पकडून पाडण्याची, मर्यादाच नव्हती. चेंडू हातून निसटला नाही तर एकच संघ तो कितीही वेळ स्वतःकडे ठेवू शकत असे. 1967 पासून चार टॅकलची आणि 1971 पासून सहा टॅकलची मर्यादा आली, म्हणजे तेवढ्या टॅकलनंतर चेंडूचा ताबा सोडावा लागू लागला. डावपेच म्हणून खेळाडू बदलण्याची आजच्यासारखी मोकळीक तेव्हा नव्हती, त्यामुळे जो मैदानात उतरला त्याने ऐंशी मिनिटे टिकलेच पाहिजे, अशी परिस्थिती होती. शिवाय बहुतेक खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. सेंट जॉर्जने 1956 ते 1966 अशी सलग अकरा विजेतेपदे मिळवली, ती अशाच नोकरदार खेळाडूंच्या बळावर. अशा व्यवस्थेत शंभर किलोंहून अधिक वजनाचा खेळाडू अपवादानेच दिसे. आर्थर बीटसन हा तसा अपवाद होता. परंतु त्याची ख्याती केवळ देहामुळे नव्हती, तर टॅकलमध्ये अडकलेला असतानाही चेंडू सहकाऱ्याच्या हाती देण्याच्या कौशल्यामुळे होती.

मोठे वळण आले ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस, आणि ते दोन नियमांच्या संयोगातून आले. एक म्हणजे खेळाडूंची अमर्याद अदलाबदल. दुसरा म्हणजे 1993 चा दहा मीटरचा नियम, ज्यानुसार बचाव करणाऱ्या फळीला प्रत्येक टॅकलनंतर पाचऐवजी दहा मीटर मागे जावे लागू लागले. या दोन नियमांचा एकत्रित परिणाम मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला तर चटकन ध्यानात येतो. चेंडू घेतलेला प्रॉप एका बाजूने धाव घेतो, तिघे बचावपटू समोरून तितक्याच वेगाने पुढे येतात, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात त्यांची टक्कर होते. पूर्वी त्या पट्ट्यात वेग घ्यायला जागाच नव्हती. आता जागा मिळाली, त्यामुळे वजनाला वेगाची जोड मिळाली; आणि अमर्याद अदलाबदल असल्याने हा अवजड खेळाडू पंधरा-वीस मिनिटे जीव तोडून खेळून बाकावर जाऊन बसू शकत होता आणि दम घेऊन पुन्हा उतरू शकत होता. प्रशिक्षकांनी साहजिकच अवजड खेळाडू जमवायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या मध्यास 'सुपर लीग' या बंडखोर स्पर्धेच्या वादात दोन्ही गटांनी खेळाडूंवर पैशांची उधळण केली, नोकऱ्या सुटल्या आणि पूर्णवेळ व्यायाम हाच व्यवसाय झाला.

त्यानंतरची दिशा मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. 2001 मध्ये अदलाबदलीवर बाराची मर्यादा आली, 2008 मध्ये ती दहावर आणि 2016 मध्ये आठवर आली. प्रत्येक कपातीबरोबर केवळ वजनाच्या जोरावर खेळणाऱ्याची किंमत घसरली. 2020 मध्ये करोनाच्या विश्रांतीनंतर 'सिक्स अगेन' आले, म्हणजे टॅकलनंतरच्या झटापटीत नियमभंग झाल्यास पंच खेळ थांबवून दंड देण्याऐवजी हात हलवून टॅकलची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतात. दंडाच्या वेळी मिळणारी अर्ध्या मिनिटाची उसंतही त्यामुळे गेली. त्या वर्षी आणि विशेषतः 2021 मध्ये थकलेल्या संघांवर गुणांचे डोंगर रचले गेले, तेव्हा 2022 मध्ये या नियमाला थोडी मुरड घालावी लागली. आजच्या घडीचा आदर्श म्हणून ब्रिस्बेनच्या पेन हासकडे पाहावे. देह प्रॉपचा आहे, पण तो जितका वेळ मैदानावर राहतो तितका वेळ त्याच्या आकाराच्या खेळाडूने राहावा, ही अपेक्षा 1995 साली कोणी केली नसती. मोठे असणे ही आता केवळ प्रवेशाची अट आहे. मोल आहे ते दमसासाला.

आपल्याला सर्व खेळाडू सारखे दिसतात, त्याचेही कारण यातच आहे. पूर्वी विंगर म्हणजे कडेला उभा राहून संधीची वाट पाहणारा चपळ गडी होता. आता प्रतिस्पर्ध्याने चेंडू लांब लाथाडल्यानंतर चेंडू घेऊन पहिल्या दोन-तीन दौडी सर्वांत मागे उभा असलेला फुलबॅक आणि विंगरच मारतात, म्हणजे आपल्या फॉरवर्डांना (पुढच्या फळीतील दणकट गड्यांना) मागून परतायला अवधी मिळतो. पेनरिथचा ब्रायन टोओ अशा दौडींतून एका सामन्यात दोनशे मीटरांहून अधिक अंतर अनेकदा कापतो, आणि तेही समोरून येणाऱ्या संपूर्ण फळीला अंगावर घेऊन. हे काम करणाऱ्याची मांडी आणि खांदा फॉरवर्डसारखाच व्हावा लागतो. हाफबॅकलाही आता लपायला जागा नाही. प्रतिस्पर्धी संघ हेरून त्याच्याच दिशेने धिप्पाड खेळाडू सोडतात, त्यामुळे नेथन क्लिअरीसारखा हाफबॅकही टॅकलमध्ये फॉरवर्डाच्या बरोबरीने उभा राहील असा भक्कम असतो.

याला कुस्तीचीही जोड आहे. क्रेग बेलामी यांच्या मेलबर्न स्टॉर्मने या शतकाच्या पहिल्या दशकात कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षण नियमित सरावात आणले. उद्देश हा की चेंडूधारकाला नुसते पाडायचे नाही, तर पाठीवर लोळवून त्याला उठायला वेळ लावायचा. इतर क्लबांनी नाके मुरडली आणि मग तेच केले. पायांना मिठी घालून एकट्याने पाडण्याचा जुना टॅकल त्यामुळे मागे पडला आणि छातीला भिडणारा तिघांचा टॅकल आला. माझ्या मते शरीराच्या वरच्या भागाची जी अवाढव्य वाढ आज दिसते, तिला बार्बेलइतकेच हे तंत्रही जबाबदार आहे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोड्या वेळाने लिहितो.


उत्तर: एअरकाठची फिजिओ

नेपियनकाठ यांनी ऑस्ट्रेलियाची बाजू उत्तम मांडली आहे. मी लीड्समध्ये राहते आणि वाढत्या वयाच्या खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करते, म्हणून इंग्लंडविषयी आणि मुलांच्या शरीरांविषयी काही लिहिते.

हा खेळ 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातील बैठकीतून जन्मला, आणि भांडणाचे मूळ कामगारांच्या बुडालेल्या मजुरीत होते. शनिवारी खेळायला गेल्याने जो रोज बुडतो त्याची भरपाई द्यावी, असे उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे होते. खाणीत, गोदीत आणि गिरण्यांत राबणाऱ्या माणसांची शरीरे कामाने घडलेली होती; फॉरवर्ड हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी जाऊन हाक मारावी, अशी थट्टा या भागात अजूनही करतात. 1980 च्या दशकात कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि त्याच सुमारास विगन क्लबाने खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर घ्यायला सुरुवात केली. 1996 मध्ये इंग्लंडमधील नव्या सुपर लीग स्पर्धेबरोबर हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. यॉर्कशायरच्या चिखलात रुतत खेळण्यासाठी जो बांधा लागे, तो कोरड्या कडक मैदानावर निरुपयोगी ठरू लागला. खेळाडूंची शरीरे बदलण्यामागे हवामान बदलणे हेही एक कारण असू शकते, याचा ऑस्ट्रेलियातील मंडळींना सहसा विसर पडतो.

तरीही किरकोळ खेळाडूंचा शेवट झाला, असे म्हणणे घाईचे होईल. लीड्स ऱ्हायनोजचा रॉब बरो पाच फूट पाच इंचांचा होता. 2001 ते 2017 या काळात, म्हणजे खेळ सर्वाधिक अवजड होत असतानाच, त्याने लीड्ससाठी आठ ग्रँड फायनल जिंकल्या आणि त्यांपैकी दोन वेळा सामन्याचा मानकरी ठरला. 2011 च्या अंतिम सामन्यात तो एका बचावपटूच्या हाताखालून वाकून निसटला आणि तेथून एकट्याने गोलरेषेपर्यंत गेला, ती धाव येथील शाळकरी मुले अजून पाहतात. ऑस्ट्रेलियात ॲलन लँगर, 2001 चा डॅली एम पदकविजेता (हंगामातील सर्वोत्तम खेळाडू) प्रेस्टन कॅम्पबेल, आणि लहान चणीमुळे सुरुवातीला क्लबांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली तो जोनाथन थर्स्टन ही उदाहरणे आहेतच. थर्स्टनने पुढे चार वेळा डॅली एम पदक मिळवले. माझा आक्षेप असा आहे की ही नावे आपण नेहमी प्रेरणा म्हणून सांगतो, पण त्यांच्यासारखी किती मुले चौदाव्या वर्षीच गळून गेली असतील, याचा विचार करत नाही.

लीड्स बेकेट विद्यापीठाचे केव्हिन टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील रग्बी लीगच्या निवड व्यवस्थेचा बराच अभ्यास केला आहे. येथे वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. निवडलेल्या मुलांच्या जन्मतारखा पाहिल्या असता वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले, आणि निवडीची पायरी जसजशी वर जाते तसतसा हा कल ठळक होत गेला. अर्थ उघड आहे. प्रशिक्षकाला वाटते की आपण गुणवत्ता निवडतो आहोत, प्रत्यक्षात तो काही महिन्यांचे वयाचे अंतर आणि लवकर आलेले पौगंड निवडत असतो. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत तीन-चार वर्षांचेही अंतर असू शकते. लवकर वाढलेला मुलगा सरळ धावत जाऊन समोरच्याला आडवा करतो आणि त्याला दुसरे काही शिकण्याची गरज भासत नाही. सतरा-अठराव्या वर्षी इतर मुले त्याला आकाराने गाठतात, तेव्हा त्याच्या हाती ना पास असतो ना बाजूला वळण्याचे पदलालित्य. म्हणून या व्यवस्थेत लहान मुलाचे नुकसान होते तसेच मोठ्या मुलाचेही होते, असे माझे मत आहे.

दवाखान्यात मला जे दिसते ते याहून साधे आहे. उंची झपाट्याने वाढत असताना हाडे पुढे जातात आणि स्नायू व त्यांचे बंध मागे राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणारी मुले हंगामाच्या मध्यास हमखास येतात. त्यांच्यापैकी पुष्कळ जण शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि अकादमीचे शिबिर अशा तिन्ही ठिकाणी खेळत असतात, आणि तिन्ही प्रशिक्षकांना एकमेकांच्या सरावाची गंधवार्ता नसते. मी पालकांना आठवड्याचा सराव एका कागदावर लिहून आणायला सांगते. बहुतेकदा तो कागदच निदान ठरतो.


ब्लॅकटाउनकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. फिजिओताईंचे उत्तर वाचून एक उपप्रश्न सुचला. वयाऐवजी वजनाप्रमाणेच गट पाडले तर यातील निम्म्या अडचणी सुटणार नाहीत का? आपल्याकडे कबड्डीत आणि कुस्तीत ते पूर्वापार चालत आलेले आहे.


उत्तर: मिरजेचा पंच

रग्बी लीगविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, परंतु वजनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे जिल्हास्तरावर कबड्डीचे सामने चालवत आलो आहे. आपल्याकडे किशोर गटाला 16 वर्षे आणि 55 किलो, कुमार गटाला 20 वर्षे आणि 70 किलो अशी वय आणि वजन दोन्हींची मर्यादा लावण्याची पद्धत आहे. तिचा फायदा निर्विवाद आहे. चढाईला आलेल्या पोराला त्याच्या दुपटीचा मुलगा उचलून आपटतो आहे, असे दृश्य सहसा दिसत नाही.

मात्र वजनकाट्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून काही मुले पाणीसुद्धा पीत नाहीत. अंगात दोन-दोन स्वेटर घालून भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारतात, सतत थुंकत राहतात आणि काट्यावर उभे राहताना त्यांचे ओठ पांढरे पडलेले असतात. वजन झाले की तासाभरात पोटभर जेवून तीच मुले सामन्याला उतरतात. वाढीच्या वयात शरीराचे असे हाल करणे मला कधीच पटलेले नाही, आणि यात मुलांपेक्षा त्यांच्या वस्तादांचा आणि संघचालकांचा दोष अधिक असतो. शिवाय 55 किलोंच्या गटातही सोळा वर्षांचा कसलेला मुलगा आणि तेरा वर्षांचा नवखा समोरासमोर येतातच. वजन सारखे असले तरी मनगटातील ताकद आणि खेळातील मुरब्बीपणा सारखा नसतो. तिकडे वजनाचे गट करायचे असतील तर काट्यावर हंगामात एकदाच, पूर्वसूचना न देता उभे करावे, एवढीच सूचना करतो.


उत्तर: नेपियनकाठ

पंचसाहेबांनी नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ज्युनिअर स्पर्धांत वजनमर्यादेचे गट फार पूर्वीपासून आहेत, कारण तेथे सामोआ आणि टोंगा मूळ असलेली मुले आणि इतर मुले एकाच वयोगटात खेळतात आणि आकारातील तफावत मोठी असते. परंतु प्रश्न अन्यायाचाही आहे. वजनामुळे वरच्या गटात ढकललेला दहा वर्षांचा मुलगा देहाने मोठा असला, तरी मनाने दहा वर्षांचाच असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शिव्या आणि टोमणे त्याने का सोसावेत? पॅसिफिक वंशाच्या कुटुंबांची ही तक्रार मी माझ्या कानांनी ऐकली आहे आणि ती मला रास्त वाटते. एनआरएलमधील जवळपास निम्मे खेळाडू आज पॅसिफिक वंशाचे आहेत, सामोआचा संघ 2022 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. अशा समाजातील मुलांना 'धोकादायक आकाराची' ठरवून बाजूला काढणे शहाणपणाचे नाही. इंग्लंडमधील फुटबॉल अकादम्यांनी वयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार अधूनमधून सामने खेळवण्याचा प्रयोग केला आहे. तो मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यात मुलगा आपल्या वयाचा संघ सोडत नाही. केवळ काही सामने आपल्याइतक्याच वाढलेल्या मुलांशी खेळतो.

आता आपल्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. येथे लहान गटांत मैदान छोटे आणि खेळाडू कमी असतात. तेरा वर्षांखालील गटापासून पूर्ण मैदान आणि तेरा-तेरा खेळाडू येतात. म्हणजे आपला मुलगा नेमका या उंबरठ्यावर आहे. पूर्ण मैदानावर मोकळी जागा वाढते, आणि चपळ मुलाला ती मानवते; पण धावत येणाऱ्या मोठ्या मुलाला अडवताना आपल्या बाजूला मदतीला कोणी नाही, असा प्रसंगही तेथेच वाढतो. अगदी लहान वयात शिकवायची गोष्ट म्हणजे डोके कोणत्या बाजूला ठेवायचे आणि गालाचा स्पर्श समोरच्याच्या मांडीमागे कसा व्हायला हवा, ही होय. अलीकडच्या वर्षांत सर्वांत लहान गटात टॅकल काढून कमरेची पट्टी खेचण्याचा टॅग प्रकार आणला आहे, आणि टॅकलकडे वळण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग धावत अशा पायऱ्यांनी टॅकल शिकवण्याचा 'टॅकलसेफ' कार्यक्रम आहे. जुन्या पालकांना हे फार मवाळ वाटते. मला वाटत नाही. ज्या मुलाला सातव्या वर्षी टॅकलची भीती बसली, तो बाराव्या वर्षी डोळे मिटून टॅकल करतो, आणि जखमी तोच होतो.

निवडीविषयी स्पष्टच सांगतो. जिल्ह्याच्या विकास शिबिरांसाठी तेरा-चौदाच्या सुमारास नावे जमू लागतात, पुढे हॅरॉल्ड मॅथ्यूज करंडक, मग एस. जी. बॉल करंडक, मग जर्सी फ्लेग अशी वयोगटांच्या स्पर्धांची वाट आहे. पहिल्या पायरीवर आकाराचा प्रभाव मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वरच्या पायऱ्यांवर विचार थोडा बदललेला आहे. 2008 ते 2017 या काळात एनआरएलने वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा चालवली. दूरचित्रवाणीवर तिचे सामने दाखवत, त्यामुळे एकोणीस वर्षांची मुले रातोरात प्रसिद्ध झाली. काम किंवा शिक्षण चालू नसेल तर खेळता येणार नाही, असा नियम त्यांना लावला होता आणि तो उत्तम होता. खेळाच्या दृष्टीने मात्र स्पर्धा फसवी ठरली. मुले मुलांशीच खेळत, गुणसंख्या फुगत असे, आणि पूर्वी राखीव संघात तिशीच्या अनुभवी फॉरवर्डकडून मार खात जे शिक्षण मिळे, ते बंद झाले. ती स्पर्धा गुंडाळल्यावर तरुणांना पुन्हा राज्यस्तरावर प्रौढांच्या संघांत खेळवण्याकडे कल वाढला. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत एनआरएलमध्ये खेळू न देण्याचा नियमही आहे. 2021 मध्ये जोसेफ सुआलीला खास सवलत मिळाली आणि तो सतराव्या वर्षी उतरला, तेव्हा त्यावर बराच खल झाला. एक असाधारण मुलगा समोर आला की नियम वाकतो, हे मला तेव्हाही खटकले होते.

पेनरिथने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, तेव्हा बहुतेकांनी प्रशिक्षक आयव्हन आणि हाफबॅक नेथन या क्लिअरी पितापुत्रांचे कौतुक केले. मी त्या यशाचे श्रेय काही अंशी संयमाला देतो. या क्लबाच्या हाताशी अवाढव्य ज्युनिअर क्षेत्र आहे, त्यामुळे त्याला घाई करावी लागत नाही. डब्बोहून आलेला आयझाह यो आणि टेमोराहून आलेला लियाम मार्टिन हे ग्रामीण भागातील खेळाडू पंधराव्या वर्षी देशभर गाजलेले नव्हते. त्यांना वाढायला वेळ दिला गेला. ज्या क्लबाला पुढच्याच हंगामात निकाल हवा असतो, तो मात्र आज मोठा असलेला मुलगाच उचलतो.


उत्तर: जुना प्रेक्षक

येथे सर्व जण आजच्या खेळाडूंच्या कणखरपणाचे गोडवे गात आहेत, म्हणून विरोधी सूर लावतो. शरीरे मोठी झाली असतील, पण खेळ मवाळ झाला आहे. 1970 च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा सुरुवातीच्या मिनिटांतच मोडला. त्याने सहकाऱ्यांना आपल्याला उभे धरून ठेवायला सांगितले, प्रतिस्पर्ध्यांना कळू दिले नाही, आणि पूर्ण सामना खेळून 23–12 असा विजय मिळवून दिला. आज खांद्याने दिलेली धडकही 2013 पासून बाद आहे, डोक्याला जरा लागले की खेळाडू तपासणीसाठी बाहेर, आणि पंच पडद्यावर दहा वेळा पाहून निर्णय देतात. माझ्या मुलांना मी सॅटलरचीच गोष्ट सांगत आलो.


उत्तर: एअरकाठची फिजिओ

सॅटलरच्या धैर्याविषयी मला आदरच आहे. 2014 मध्ये त्याच क्लबाचा सॅम बर्जेस पहिल्याच धडकेत गालाचे हाड मोडूनही पूर्ण अंतिम सामना खेळला, म्हणजे ती परंपरा आपण समजता तितकी लोपलेली नाही. परंतु जबडा आणि मेंदू यांची गल्लत करू नये. मोडलेले हाड जुळते. सॅटलर यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने ग्रासले आणि 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार त्या सामन्यामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. मात्र कँटरबरीचे माजी खेळाडू व प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स आणि नॉर्थ क्वीन्सलंडला 2015 चे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक पॉल ग्रीन यांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार आढळला. ग्रीन हाफबॅक होते. प्रॉपांपुरता हा प्रश्न मर्यादित नाही.

1970 च्या टकरीत आणि आजच्या टकरीत फरक आहे, तोही नेपियनकाठ यांनी वर सांगितलेल्या दहा मीटरांचा आणि वाढलेल्या वजनांचा. त्या काळच्या शरीरांना जे सोसले, ते आजच्या शरीरांनी एकमेकांवर केलेल्या आघातात सोसेलच असे नाही. म्हणूनच इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल लीगने 2023 च्या अखेरीस टॅकलची वैध उंची खांद्यावरून काखेपर्यंत खाली आणण्याचा निर्णय जाहीर केला. प्रेक्षकांनी आरडाओरड केली, काही प्रशिक्षकांनीही केली. माझ्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांसाठी मला तो निर्णय हवाच होता.

ब्लॅकटाउनकर यांच्यासाठी एक व्यवहारातील गोष्ट. ऑस्ट्रेलियन क्रीडा संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, मेंदूला धक्का बसल्यावर मुलामुलींनी आणि हौशी खेळाडूंनी सर्व लक्षणे थांबल्यापासून किमान चौदा दिवस धडकेचा सराव करू नये, आणि दुखापतीपासून किमान एकवीस दिवस स्पर्धेत उतरू नये. एनआरएलच्या व्यावसायिक खेळाडूंना लागू असलेला अकरा दिवसांचा नियम मुलांसाठी नाही. या दोन्हींची सरमिसळ पालक आणि प्रशिक्षक नेहमी करतात. नाव नोंदवण्यापूर्वी क्लबाच्या व्यवस्थापकाला विचारावे की सामन्याच्या वेळी धक्का बसला तर मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय कोण घेतो, आणि ती व्यक्ती प्रत्येक सामन्याला हजर असते का. उत्तर देताना व्यवस्थापक प्रशिक्षकाकडे पाहू लागला, तर शेजारच्या क्लबातही चौकशी करावी.


ब्लॅकटाउनकर

सर्वांचे आभार. या शनिवारी क्लबाच्या नोंदणीला जाणार आहोत; फिजिओताईंचा प्रश्न लिहून घेतला आहे. नेपियनकाठ, तेरा वर्षांखालील गटातील पहिले काही सामने मुलाने विंगवर खेळावेत की मधल्या फळीत, याविषयी आपले मत कळवावे.


उत्तर: नेपियनकाठ

विंगवर ठेवले तर थंडीत उभा राहून कंटाळेल आणि चेंडू हाती येईल तेव्हा समोरचा सर्वांत मोठा मुलगाच अंगावर येईल. त्यापेक्षा डमी-हाफच्या जागी, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरून चेंडू उचलून पास देणाऱ्याच्या जागी ठेवायला सांगावे. त्याला दर टॅकलनंतर चेंडू हाताळायला मिळेल, वाकून निसटण्याची सवय लागेल, आणि बचाव करताना दोन्ही बाजूंना फॉरवर्ड असल्याने तो एकटा पडणार नाही. प्रशिक्षकाने या सूचनेला नकार दिला तर कारण विचारावे. कारण खेळाचे असेल तर ऐकावे.